पाहुण्यांच्या खोलीतला हीटर

८ नोव्हेंबर, मित्रोव्दन

नाही म्हणजे नाही! सांगून टाकलं एकदाचं.

सकाळी सासूबाईंनी नेहमीप्रमाणे एकेक खोली बंद करत आणली — आमची झोपायची, लेक दुन्याची, वरची. हातात किल्ल्यांचा जुडगा, तोंडाने संतांचं नाव. मित्रोव्दन या संताच्या दिवशी घर आवळायचं, ते पार मे महिन्यात दुसऱ्या संताच्या, जुर्जेव्दनच्या दिवशी सोडायचं. मधले सगळे महिने अख्खं कुटुंब स्वयंपाकघरात, एका चुलीभोवती. व्लास्ता पलंग उचलून तिकडे नेत होता. शेवटी पाहुण्यांच्या खोलीची पाळी आली तेव्हा मी उंबऱ्यात उभी राहिले.

"सूनबाई, बाजूला हो. कुलूप लावायचंय."

"ही राहू द्या, आई. यंदाचा हिवाळा मी इथं काढणार."

त्यांना वाटलं थट्टा करतेय. मग मी जिन्याखालून हीटर ढकलत आणला. कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा बायकांनी दिलेला. एरवी सगळ्यांना घड्याळ देतात. मला विचारलं, देसा, तुला काय हवं? मी म्हटलं, तेलाचा हीटर, चाकांवरचा. हसल्या खूप. पण आणला.

"त्या खोलीत चूल नाही."

"म्हणून तर हा."

"एका घरात दोन आगी?"

"आग कुठंय आई, बटण आहे."

त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि लेकाकडे वळल्या. "बघ रे व्लास्ता. तुझ्या बायकोनं चूल वेगळी केली. माझ्या जिवंतपणी!" व्लास्ता पलंगाचं एक टोक धरून उभा. ते खाली ठेवावं की धरून राहावं, त्याला कळेना.

मी आत गेले. दार लावलं.

९ नोव्हेंबर

ऊब आहे. दार बंद आहे. आत मी एकटी आहे. अजून काय पाहिजे?

१२ नोव्हेंबर

सगळ्यांचा एकच प्रश्न — तिथं करतेस तरी काय?

"विणतेस का?" व्लास्ताने जेवताना विचारलं. (जेवायला जाते स्वयंपाकघरात. स्वयंपाकही करते. तो सोडलेला नाही. उगाच कुणी म्हणायला नको.)

"नाही."

"मग टीव्ही तरी लावून देऊ?"

"नको."

"मग?"

"बसते."

त्याने आईकडे पाहिलं, आईने त्याच्याकडे. चोरून पिते असं म्हटलं असतं तर दोघांना जास्त बरं वाटलं असतं.

इथे लिहिते, कारण तोंडाने सांगितलं तर कुणाला कळायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून दर हिवाळा एकाच खोलीत. सासरे आजारी पडले ते चुलीशेजारच्या पलंगावर, गेले तेही तिथेच. दुन्या त्याच टेबलावर अभ्यास करून मोठी झाली. तिथेच आंबवलेल्या कोबीचा वास, तिथेच ओले मोजे, बातम्या, सासूबाईंचं पुटपुटणं. आणि सकाळी कारखाना — यंत्रांचा असा आवाज की आम्ही बायका एकमेकींचे ओठ वाचून बोलायचो. एकटं बसायचं तर संडासात. तेही कुणी कडी वाजवेपर्यंत. उन्हाळ्यात खोल्या उघड्या असतात, पण उन्हाळ्यात बसायला सवड कुणाला? मिरच्या भाजायच्या, टोमॅटो आटवायचे, लाकडं रचायची. बसायचा काळ म्हणजे हिवाळा, आणि हिवाळ्यात जागा एकच.

मला उबेत एकटं बसायचंय. दार लावून. हे मागणं मोठं असेल तर असू दे. मोठंच मागते मी.

१६ नोव्हेंबर

बटणाचं युद्ध चालू आहे.

मी तीनवर ठेवते. अंगणात कपडे वाळत घालून परत येते तो एकवर. पुन्हा तीन. दूध घेऊन येते तो पुन्हा एक. व्लास्ता समोर नसतोच, पण त्याच्या चपलांचा चिखल हीटरपर्यंत येऊन परत गेलेला असतो. आज पकडलं त्याला.

"हवा कोरडी होते, देसा. तुझ्या घशासाठीच कमी केलं."

"माझा घसा ठीक आहे. ऐकायचाय का?"

ऐकायचा नव्हता. गेला आणि मीटरसमोर उभा राहिला. रेल्वेत जन्मभर वीज सांभाळली त्याने, तेव्हा मीटरवर जीव आहे. पण मला माहीत आहे ते विजेचं दुखणं नाही, पिरोतचं आहे. सगळा सर्बिया आम्हा पिरोतकरांवर हसतो — म्हणे यांच्याकडे पाहुणा गेला की दिवा मालवतात, गप्पांना उजेड कशाला? हसू दे. पण खोटं नाही हसत ते. आम्ही वाळवायला टांगलेलं सॉसेजसुद्धा बाटलीने लाटून सपाट करतो. आत हवेलाही फुकट जागा मिळायला नको!

संध्याकाळी दुन्याचा निश शहरातून फोन. "आई, आजी म्हणते तुम्ही वेगळे राहता. बाबांशी भांडलीस का?"

"नाही गं. स्वयंपाकघराशी भांडले."

"तू बरी आहेस ना? डॉक्टरला दाखवू या का?"

पोटची पोर. दोन वर्षं झाली तिला नवऱ्याला सोडून, एकटी राहते, दोन खोल्यांत दोन हीटर. आणि मला डॉक्टर!

२२ नोव्हेंबर

तोम्का शेजारीण आली. नुसती नाही, केस विंचरून, चांगली ओढणी डोक्याला, हातात कॉफीची पुडी आणि साखरेच्या वड्यांचा डबा.

"अभिनंदन गं देसा!"

"कशाचं?"

"पुरे की आता. आठवडाभर बघतेय. पाहुण्यांच्या खोलीत रोज दिवा, काचेवर वाफ. कोण आलंय दुन्याला बघायला? निशचा आहे का?"

तरीच! चार दिवसांपासून गल्लीतल्या बायका कुंपणावरून माना उंच करत होत्या. थंडीत ती खोली उबदार म्हणजे सोयरीक, नाहीतर संताचा सण. तिसरं कारण या गल्लीत कुणी ऐकलेलं नाही.

खरं सांगितलं. तिला पटलं नाही. "बरं बरं, ठरेपर्यंत नका सांगू," म्हणाली आणि येऊन बसली सोफ्यावर. झालं! त्या खोलीत पाय ठेवला की माणूस पाहुणा. मग चेरीचा मुरंबा आणायचा बशीत, बरोबर चमचा, पाण्याचा ग्लास. मग कॉफी. मग राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, छोटा पेला. आणि ऊठ असं म्हणायचं नाही. पाहुण्याला वाटेल तेव्हा पाहुणा उठेल. स्वयंपाकघरात तोम्का रोज येते, तिथे मी तिला बटाटे सोलायला लावते, कंटाळा आला की म्हणते जा आता घरी. पण त्या खोलीत? जीभच वळत नाही. अंधार पडेपर्यंत बसली. हीटरला पाय लावून.

उद्या जाड पडदे लावते. काचेची वाफ दिसायला नको कुणाला.

३ डिसेंबर

पडदे लावले तर गल्लीत उठलंय की दुन्याची सोयरीक मोडली आणि आम्ही सुतकात आहोत. घ्या!

८ डिसेंबर

शांत दिवस. बाहेर स्टारा प्लानिनाच्या डोंगरावरून वारा. आत काही नाही. भिंतीवरचा गालिचा बघत बसले. माझ्या आईने विणलेला, हुंड्यात आणलेला. इतक्या वर्षांत त्यातलं लाल निवांत कधी बघितलंच नव्हतं. दोन लाल आहेत त्यात. एक जरा तपकिरीकडे झुकलेलं. लोकर कमी पडली असेल तिला.

छान वाटलं. उगाच नाही, खरोखर छान.

२० डिसेंबर

काल स्लावा झाली. संत निकोला, आमच्या घराचा संत. मी आधीच सांगितलं होतं — एक दिवस खोली संताची, माझं काही म्हणणं नाही. स्लावाला कुणाला बोलवत नाहीत, ज्याला यायचं तो येतो. दरवर्षी लोक यायचे, मुरंबा खायचे, त्या खोलीत दातावर दात वाजायला लागले की उठायचे. यंदा कुणी उठेना! पाद्रीबाबांनी पाव कापताना स्वतःची खुर्ची पायाने हळूहळू हीटरकडे सरकवलेली मी पाहिली.

तेवढ्यात फ्यूज उडाला. विजेच्या भट्टीत मासे, न्हाणीघरात बॉयलर, खोलीत हीटर, जुन्या तारा. अंधार गुडुप. फक्त संतापुढची मेणबत्ती. आणि त्या शांततेत सासूबाई —

"संतानंच सांगितलं बघा. दोन आगी नकोत म्हणून."

"संतानं नाही आई, बॉयलरनं सांगितलं. बंद करा तो."

हसले काही जण. त्यांना ते लागलं. दिवे आले तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुम्ही घरचीच माणसं, म्हणून सांगते. आमच्या सुनेनं चूल वेगळी केलीय. एका छपराखाली आम्ही दोन घरं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. व्लास्ता ताटातल्या माशाकडे. व्लास्ताचे मामा म्हणाले, "खरं का गं देसा?"

"खरं आहे, मामा. आणि तुम्ही मघापासून मोजे काढून पाय शेकताय ते त्याच चुलीवर."

मामांनी पाय आत घेतले. मग थोड्या वेळाने पुन्हा लांब केले.

२२ डिसेंबर

हीटर नाही!

बाजारातून आले तर कोपरा रिकामा. भिंतीवर प्लगाची नुसती भोकं. व्लास्ता म्हणाला, "तारा जुन्या आहेत. स्लावाला बघितलंस ना? घर जळायचं. शेडमध्ये ठेवलाय." शेडला कुलूप. किल्ली आईच्या जुडग्यात.

मी कपाटातून लग्नातला जाड कोट काढला, लोकरीची टोपी घातली, दोन मोजे. पाहुण्यांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि बसले.

थंडी अशी की पेन चालत नाही. तोंडात धरून गरम करते आणि लिहिते. पण स्वयंपाकघरात जाणार नाही. त्यांना वाटतं माझं भांडण थंडीशी आहे.

२३ डिसेंबर

बसले. नाक गळतंय. सासूबाईंचा आवाज दाराबाहेरून — "कंबर धरेल. मूत्रपिंडं जातील. मग निस्तरावं लागेल आम्हालाच." मी आतून म्हटलं, "धरू दे." पाऊल थांबलं, मग गेलं.

जेवण मात्र केलं सगळ्यांचं. घेवडा भाजला, कांदा खरपूस केला. कोट घालूनच.

२४ डिसेंबर

आज व्लास्ता आत आला. टोपी काढून हातात धरली, आपल्याच घरात! समोर खुर्चीवर बसला. तोंडातून वाफ येत होती दोघांच्या.

"माझ्यापासून पळतेस का तू?"

खूप दिवस हे त्याच्या पोटात होतं तर. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. चांगला माणूस आहे, दारू कमी, हात कधी उगारला नाही.

"तुझ्यापासून नाही रे."

"मग कुणापासून?"

"कुणापासून नाही. मला थोडा वेळ कुणाची बायको, कुणाची सून, कुणाची आई न होता बसायचंय. मग येते ना मी. रोज येते ना?"

त्याने टोपी डोक्याला चढवली. कळलं असेल असं वाटत नाही. उठला आणि म्हणाला, "इथं बसून मरशील तू."

"मग जळून मरण्यापेक्षा गोठून मेले असं सांग लोकांना."

दार आपटून गेला.

२६ डिसेंबर

व्लास्ता काल दिवसभर भिंती ठोकत होता. मला वाटलं रागाने काहीतरी दुरुस्त करतोय. आज बघते तर मीटरपासून थेट माझ्या खोलीपर्यंत नवी जाड वायर, स्वतंत्र, पांढऱ्या पट्टीत बसवलेली. सरळ रेघ! हीटर जागेवर. वर एक वाटी पाणी ठेवलेलं, हवा कोरडी होऊ नये म्हणून.

संध्याकाळी त्याच्या आवडीची, भोपळा भरलेली पापुद्र्यांची बानित्सा केली. तीन वेळा घेतली त्याने.

मात्र बटण अजून एकवर आणून ठेवतो. जित्याची खोड!

९ जानेवारी

आमचा जुन्या पंचांगाचा नाताळ परवा, सात तारखेला झाला. उपास सुटले आणि घरात महायुद्ध.

सासूबाईंनी मला न विचारता पिहतियेचे वाडगे पाहुण्यांच्या खोलीत सोफ्यामागे सरकवून ठेवले होते. डुकराचे पाय दिवसभर उकळायचे, लसूण घालायचा आणि थंडीत गोठवायचं. या घरात ते कायम त्याच सोफ्यामागे गोठत आलंय. थंडीत ती खोली म्हणजे आमचं शीतकपाट. आज पाहुण्यांसाठी वाडगे काढायला वाकल्या आणि हातात आला नुसता रस्सा. कोमट.

"माझं पिहतिये!" अशा ओरडल्या की मला वाटलं पडल्या.

"मला विचारायचं तरी, आई."

"विचारायचं? माझ्या घरात माझे वाडगे ठेवायला तुला विचारायचं?"

"माझ्या खोलीत ठेवायला, हो."

तोंडातून गेलं. माझ्या खोलीत. त्यांनी ते ऐकलं, मीही ऐकलं. परत नाही घेतलं.

व्लास्ताने मध्येच एक वाडगा तोंडाला लावला, वर पावाचा तुकडा. "गरम पण बरं लागतं की," म्हणाला. त्यांचं त्याच्याशीही बोलणं बंद झालंय आता.

१८ जानेवारी

म्हातारीने डाव साधला! मानलं पाहिजे.

दुपारी दारावर टकटक. या घरात माझ्या दारावर कधी कुणी टकटक केली नव्हती. उघडलं तर सासूबाई. काळं मखमली जाकीट — ते लग्नालाच निघतं — डोक्याला रेशमी रुमाल, पायात बूट. बूट! आणि हातात कॉफीची पुडी, साखरेच्या वड्या.

"देवाचं नाव घ्या," म्हणाल्या, जसं परक्या घरी म्हणतात. "घरात आहेत का कुणी?"

"आई, हे काय?"

"आले भेटायला. येऊ का?"

आणि उंबरा ओलांडून सोफ्यावर मधोमध बसल्या. दोन्ही हात मांडीवर. माझ्याकडे बघत. वाट बघत!

काय करणार? पाहुणी. मुकाट्याने गेले, मुरंबा आणला, चमचा, पाणी. कॉफी केली. राकिया नको म्हणाल्या, मग दोनदा आग्रह केल्यावर घेतली. मला आग्रह करावा लागला! संध्याकाळपर्यंत बसल्या. मी समोर खुर्चीवर, हात चोळत. उठताना म्हणाल्या, "चांगलं घर आहे तुमचं. उबदार आहे."

अशी चिडलेय की तीच बशी दोनदा विसळली.

२४ जानेवारी

रोज येतात. रोज! तेच जाकीट, तेच बूट. एकच पुडी रोज आणतात आणि जाताना परत घेऊन जातात — पिरोतकर! मी दार न उघडण्याचा विचार करते आणि टकटक झाली की पाय आपोआप उठतात. नवऱ्याला तोंडावर नाही म्हटलं, मामांना म्हटलं, थंडीत कोट घालून बसले. पण पाहुणी दारात उभी असताना नाही म्हणायचं? ते कसं करतात?

त्यांना माहीत आहे. म्हणूनच बूट घालून येतात.

२ फेब्रुवारी

आज बोलल्या. इतके दिवस पाऊस, कोंबड्या, तोम्काची कंबर एवढंच. आज मुरंब्याचा चमचा चाटून बशीत उलटा ठेवला आणि म्हणाल्या,

"तुला माहितीये का, या सोफ्यावर मी यंदाच पहिल्यांदा बसले."

"असं कसं, आई? तुमचंच घर."

"घर माझं. पण मी कधी बसणार? मी आणायची. सासरे असताना त्यांच्या पाहुण्यांना, मग माझ्या नवऱ्याच्या, मग तुमच्या. मुरंबा आत, बशा बाहेर. दारात उभं राहून बघायचं कुणाची कॉफी संपली. मला कुणी आणून दिलं नव्हतं कधी." मग जरा थांबून, "चेरी बरी झालीय. साखर जास्त पडलीय."

राग कुठे गेला कळलं नाही. एवढी वर्षं मी त्यांना किल्ल्यांची मालकीण समजत होते, आणि खोल्या बंद करणारी बाई स्वतःही त्याच चुलीपाशी कोंडलेली होती. ब्याऐंशी वर्षांची आहे ती.

दुसरी कॉफी केली. न मागता.

"एक सांग," म्हणाल्या. "मी नसते तेव्हा तू इथं खरंच काय करतेस?"

"काही नाही करत, आई."

"म्हणजे प्रार्थना वगैरे?"

"नाही."

"जुन्या गोष्टी आठवतेस?"

"आल्या तर येतात. नाहीतर नाही."

"आणि कुणी हाक मारत नाही."

"नाही."

वाकून हीटरचं बटण बघितलं. मग म्हणाल्या, "अवघड असेल."

"पहिले दोन दिवस. मग जमतं."

७ फेब्रुवारी

आल्या नाहीत. कालही नाही, परवाही नाही. स्वयंपाकघरात तोंड फिरवून बसतात, चुलीत लाकूड घालतात. विचारलं बरं वाटत नाही का, तर म्हणाल्या, "मला काय झालंय?"

दुपारी मी बशी पुसून ठेवली होती, चमचा काढून. टकटक झाली नाही. हे काय चाललंय माझं? एकटं बसायला मिळावं म्हणून सगळ्या घराशी भांडले, आणि एकटी बसले तर कान दाराकडे!

पुसून ठेवलेली बशी परत कपाटात टाकली. बटण तीनवर.

११ फेब्रुवारी

स्वयंपाकघरातून ढोल वाजल्यासारखा आवाज. गेले तर व्लास्ता मोठं खोकं उघडत होता. आत हीटर. नवा कोरा, माझ्या हीटरहून एक पट्टी जास्त!

"कुणाचा?"

"आईचा. पेन्शन हातात दिली आणि म्हणाली, जा, चाकांचा आण. जसा तिचा तसा."

पीठ आणि बटाटे ठेवायची मागची छोटी खोली त्यांनी रिकामी करून घेतली. पोती जिन्याखाली. पलंग नेला, एक खुर्ची, खिडकीला जुना गालिचा. व्लास्ताने पुन्हा भिंत ठोकली, पुन्हा सरळ रेघ. सासूबाई मध्ये उभ्या राहून सांगत होत्या कुठे काय, आणि शेवटी आम्हा दोघांना म्हणाल्या, "आता जा."

"आई, मग चुलीपाशी कोण?" व्लास्ताने विचारलं.

"तू आहेस ना. लाकडं तूच फोडलीस."

दार लावून घेतलं. बटण फिरवल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, तीनदा. व्लास्ता माझ्याकडे बघत राहिला. अख्खं स्वयंपाकघर त्याचं एकट्याचं. बिचारा टीव्हीचा आवाज मोठा करावा की लहान, ठरवत होता. एका छपराखाली आता तीन घरं, आणि हे तिसरं कुणी मांडलं? गल्लीत काय उठायचं ते उठू दे. मला आज हसू आवरत नाहीये.

१४ फेब्रुवारी

दुपारी चांगला ब्लाउज घातला, बूट घातले, कॉफीची पुडी घेतली — नवी, न उघडलेली — आणि मागच्या खोलीच्या दारावर टकटक केली.

"कोण?"

"मी, आई. देसा. भेटायला आले."

आत खुर्ची हललीसुद्धा नाही. मग शांतपणे —

"आज नको, सूनबाई. उद्या ये."

पाहुणीला दारातून परत पाठवलं! सगळा हिवाळा मी शूर म्हणून मिरवले, आणि हे दोन शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नव्हते.